न काढलेली रेषा

चित्रात रेषा दोन प्रकारच्या असतात. एक चित्रकाराने कुंचल्याने काढलेली. ती कोणालाही दाखवता येते. दुसरी त्याने काढलेलीच नसते, आणि तरी पाहणाऱ्याची नजर बिनबोभाट तिच्यावरून चालत जाते. चित्रातल्या माणसाने एका बाजूला पाहिले की आपणही तिकडे पाहतो. त्याने बोट दाखवले, मान कलती केली, काठी रोखली, तरी तेच. या दुसऱ्या रेषेला मी सूचित रेषा म्हणतो. चित्राविषयी बोलताना आपण रंगांची वाहवा करतो, वस्त्राच्या चुण्यांचे कौतुक करतो. या न काढलेल्या रेषेचा हिशेब मात्र सहसा कोणी मागत नाही. राजा रविवर्म्याच्या बाबतीत तो मागितलाच पाहिजे. कारण त्याच्यावरचा आरोप जुना आहे. त्याची चित्रे नाटकी आहेत, रंगभूमीवरचे प्रसंग त्याने फक्त कापडावर उतरवले, असे म्हटले जाते. हा आरोप कितपत खरा आहे, हे सूचित रेषेच्याच कसोटीवर पाहू.

त्याआधी या रेषेचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण घेऊ. मिलानच्या सांता मारिया देल्ले ग्रात्सिए येथे लिओनार्दोने सुमारे 1495 ते 1498 या काळात ‘अखेरचे भोजन’ रंगवले. लांब मेज, मध्ये ख्रिस्त आणि दोन्ही बाजूंना तिघातिघांच्या चार गटांत बारा शिष्य. छताच्या चौकटी आणि बाजूच्या भिंतींच्या कडा मनातल्या मनात पुढे वाढवल्या, तर त्या सगळ्या ख्रिस्ताच्या मस्तकापाशी येऊन मिळतात. 1999 मध्ये पुऱ्या झालेल्या जीर्णोद्धाराच्या कामात त्याच्या कानशिलापाशी खिळ्याचे छिद्र आढळले. तेथे खिळा ठोकून, दोरी ताणून लिओनार्दोने या दिशा आखल्या असाव्यात. म्हणजे आपली नजर ख्रिस्ताकडे जाते ती केवळ भक्तीने नव्हे. तिला तिकडे नेण्याची तजवीज भिंतीवर आधीच झालेली होती. येथे सगळ्या वाटा आत येतात. घरी परतणाऱ्या माणसासारखी नजर मध्यभागी विसावते.

आता रविवर्म्याची शकुंतला पाहा. मूळ चित्र तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा कलादालनात आहे. पण ते पाहायला केरळात जावे लागत नाही. 1894 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या छापखान्याने रविवर्म्याची चित्रे मराठी घरांच्या भिंतींवर आणून पोचवली, आणि ही शकुंतला तर आपल्या इतकी ओळखीची झाली आहे की आपण तिच्याकडे नीट पाहणेच सोडून दिले आहे. सख्यांबरोबर जाताना ती थांबली आहे. एक हात सखीच्या खांद्यावर आहे, पाय उचललेला आहे, दुसरा हात पायाशी गेला आहे, आणि मान मागे वळली आहे.

प्रसंग कालिदासाचा, पहिल्या अंकाच्या शेवटचा. पायात दर्भ रुतल्याचे निमित्त करून ती रेंगाळते आणि राजाला पाहून घेते. पण एक फरक लक्षात घ्या. रंगभूमीवर त्या वेळी दुष्यंत आपल्यासमोर उभा असतो. तिची नजर कोठे गेली हे प्रेक्षकाला शोधावे लागत नाही. रविवर्म्याने दुष्यंताला चित्राबाहेर काढले! नाटकाने जे पात्र हाताशी दिले होते, ते त्याने घेतले नाही. त्याच्या जागी ठेवली फक्त एक नजर, आणि ती चौकट ओलांडून जाते. ज्याला नाटकाची नक्कलच करायची असेल, तो असे करील का?

यात धोका मोठा होता. नजर चौकटीबाहेर गेली की पाहणाराही बाहेर जातो, आणि मग चित्र सुटते. त्याला परत आणणारे काही हवे. ते काम हात करतो. बाहेर गेलेली आपली नजर दुष्यंत न दिसल्यामुळे चेहऱ्याकडे परतते, तेथून खांद्यावरून, दंडावरून खाली उतरते आणि पावलाशी पोचते. तेथे काटा शोधते. पण तिचे स्वतःचेच लक्ष तिकडे नसल्याने काट्याची बतावणी उघडी पडते. हाताची रेषा खोटे बोलते, डोळ्यांची रेषा खरे बोलते, आणि दोन्ही एकाच देहातून निघालेल्या आहेत. माझ्या मते या चित्राचे सारे मर्म या दोन रेषांच्या बेबनावात आहे. प्रेमात पडलेल्या मुलीची लबाडी शब्दावाचून सांगायला यापेक्षा अधिक काय लागते?

कोणी म्हणेल, नजर खरोखर अशी रुळावरून धावते काय? शंका रास्त आहे. रशियन शास्त्रज्ञ यार्बुस याने इल्या रेपिनच्या एका चित्रावर डोळ्यांच्या हालचाली नोंदवल्या. त्याचे पुस्तक 1967 मध्ये इंग्रजीत आले. हद्दपारीतून अवचित घरी परतलेला माणूस आणि त्याच्याकडे पाहणारे कुटुंब, असे ते चित्र. त्याला आढळले की डोळा सरळ रेषेत वाहत नाही, उड्या मारतो. चेहऱ्यांवर पुन्हा पुन्हा येतो. आणि विचारलेल्या प्रश्नानुसार वाट बदलतो. माणसांची वये विचारली की चेहऱ्यांकडे, घरची सांपत्तिक स्थिती विचारली की सामानसुमानाकडे. म्हणून चित्रकार आपल्याला दोरीने ओढून नेतो असे मी म्हणणार नाही. तो आपल्या मनात एक प्रश्न उभा करतो आणि त्याच्या शोधात डोळा फिरतो. शकुंतलेच्या चित्रातला प्रश्न एकच: ती कोणाला पाहते आहे?

हे रविवर्म्याला एकदाच साधले असेही नाही. 1893 च्या ‘बाबा आले’ या चित्रात कडेवर मूल घेतलेली आई चौकटीबाहेर दाखवते आहे. बाबा चित्रात नाहीत, पण त्यांच्या येण्याने चित्र भरलेले आहे. उलट, जेथे ही रेषा सुटते तेथे तो पडतो. म्हैसूरच्या महाराजांसाठी काढलेल्या गायिका-वादिकांच्या चित्रात अकरा स्त्रिया आहेत. प्रत्येकीचे वस्त्र, दागिने, वाद्य पाहण्याजोगे आहे. पण त्यांच्या नजरा एकमेकींना भेटत नाहीत. कोणाचे गाणे कोण ऐकते आहे, कळत नाही. अकरा सुंदर चित्रे शेजारी बसली आहेत. मैफल मात्र जमलेली नाही. नाटकीपणाचा आरोप करायचाच असेल तर येथे करावा. प्रत्येकजण आपल्याकडेच पाहावे म्हणून बसलेला असतो, तेव्हा नाटकीपणा येतो. शकुंतलेला आपली पर्वाच नाही. ती आपल्याला ओलांडून पाहते, आणि म्हणूनच आपण तिला सोडू शकत नाही.

या दिवाळीत घरची झाडलोट करताना एखादे जुने चित्र भिंतीवरून खाली येईल. काच पुसून झाली की ते लगेच खिळ्याला लावू नका. त्यातली माणसे कोठे पाहताहेत ते पाहा, आणि त्या दिशेने चित्रकाराने काय काढायचे टाळले आहे ते शोधा. मुलांनाही शोधायला सांगा. ती बहुधा आपल्याआधी सापडवतील.