ययाती, पुरू आणि सुखाचे गृहीत

माणसाला सर्वांत अधिक हवे असते ते सुख, हे गृहीत इतके रुळले आहे की त्याची परीक्षा घ्यावी असे सहसा कुणाला वाटत नाही. वि. स. खांडेकरांच्या 'ययाती'ची (१९५९) चर्चाही बहुधा भोग आणि संयम या जोडीभोवतीच फिरते. पण हा वाद सुखाच्या मार्गाचा झाला. मुळात सुख हेच साध्य आहे काय, हा प्रश्न त्याच्या आधीचा आहे.

ययातीला राज्य, स्त्री, यौवन सर्व लाभले. तृप्ती तेवढी लाभली नाही. त्यावरून भोगाने सुख मिळत नाही एवढेच सिद्ध होते. मूळ गृहीताला धक्का देतो तो पुरू. पित्याचे वार्धक्य तो स्वीकारतो, तेव्हा त्याच्या हाती येते ते सुख नव्हे. 'त्यागातच त्याचे सुख होते' असे उत्तर येथे कुणी देईल. परंतु ज्यासाठी माणूस सुख सोडतो त्यालाही सुखच म्हणायचे ठरवले, तर त्या शब्दाला अर्थच उरत नाही.

येथेच कादंबरीची मर्यादा दिसते. ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली कहाणी स्वमुखाने सांगतात. पुरूला मात्र आत्मकथन नाही. ज्याने सर्वाधिक दिले, त्याचे मनोगत आपल्याला इतरांच्या तोंडूनच कळते.

भिलाईत राहून वाचताना ही उणीव अधिक जाणवते. कादंबरीच्याच वर्षी, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी, राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. अशी भट्टी एकदा पेटली की ती अहोरात्र चालू ठेवावी लागते. दिवाळीच्या रात्रीही कुणाची तरी पाळी असतेच. त्या पाळीवर निघालेल्या माणसाला सुख नको असते असे नाही. परंतु मुलांचे शिक्षण, गावी धाडायचे पैसे, आपल्यावाचून काम अडेल ही जाणीव, यांपुढे तो सुखाला थांबायला सांगतो. यात गरजेचा वाटा मोठा आहे; त्याला सरसकट त्याग म्हणून गौरवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. नेमके म्हणूनच देणाऱ्याचे बोलणे ऐकले पाहिजे. 'तो त्यातच सुखी आहे' असे घेणाऱ्याने म्हणणे फार सोयीचे असते.

गिरीश कर्नाडांनी आपल्या कन्नड 'ययाती'त (१९६१) पुरूची पत्नी चित्रलेखा उभी केली आणि तिला सासऱ्याला जाब विचारायला लावले. खांडेकरांच्या पुरूलाही ही वाणी मिळती, तर कदाचित त्याने सांगितले असते की, मला सुखाहून अधिक हवे होते ते आपण कुणाच्या तरी उपयोगी पडावे हे. मात्र ते मी स्वतः ठरवायला हवे होते.