बळीचे राज्य आणि देवाचा दरबार

पाडव्याच्या दिवशी आमच्या पाटोद्यात ओवाळणीच्या वेळी घरोघर एक वाक्य ऐकू येते : इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो. लहानपणापासून ऐकलेल्या या वाक्याचा अर्थ विचारण्याची मला कधी गरज वाटली नव्हती. दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात माझी पत्नी गेली. त्या दिवाळीत आमच्या घरी ना कंदील लागला, ना कढई चढली. मी ओट्यावर बसलो होतो आणि शेजारच्या घरातून तेच शब्द भिंतीपलीकडून आले. त्या वेळी, खरे सांगतो, मला त्यांचा रागच आला. हे कसले राज्य, की ज्याची वाट पाहण्यात आजीची आजी संपली, आणि जे एकदाही आले नाही?

समोरच्या रस्त्याने उसाच्या फडावर निघालेल्या टोळ्या जात होत्या. ट्रॉलीत भांडीकुंडी, सरपण, वर बसलेली पोरे. आमच्या बालाघाटाच्या माळावर मांजरा उगम पावते खरी, पण तिचे पाणी आम्हाला पुरत नाही. म्हणून मुकादमाची उचल घेऊन माणसे सहा-सहा महिने परमुलखात जातात. त्या हिशेबात नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. दोन माणसे मिळून एक हत्यार! त्यांच्याही घरी त्या सकाळी बळीच्या राज्याची प्रार्थना झालीच असेल.

मन रमावे म्हणून त्या दिवसांत मी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचावयास घेतली. मी वारकरी घरातला. ख्रिस्ती धर्माशी माझा संबंध पुस्तकापुरता. तथापि या वाचनातून एक धागा हाती लागला, तो वाचकांपुढे ठेवतो.

येशूच्या सगळ्या शिकवणीचा गाभा म्हणजे देवाचे राज्य. त्याने या राज्याची व्याख्या कुठेच केली नाही, गोष्टी सांगितल्या. ते मोहरीच्या दाण्यासारखे आहे, पिठात कालवलेल्या खमिरासारखे आहे. त्यातली एक गोष्ट तर आमच्या टोळ्यांसाठीच सांगितली असावी. द्राक्षमळ्याचा धनी पहाटे मजूर लावतो, दुपारी लावतो, आणि दिवस मावळताना चौकात रिकामे उभे राहिलेल्यांनाही बोलावतो. संध्याकाळी सर्वांना सारखीच मजुरी देतो. पहाटे आलेले कुरकुरतात. हिशेबाने त्यांचे बरोबर आहे. पण उशिरा आलेल्याच्या घरी चूल काही उशिरा पेटत नाही! याच गोष्टीवरून रस्किनने आपल्या पुस्तकाचे नाव घेतले. ते गांधीजींनी १९०४ साली आफ्रिकेत आगगाडीत वाचले, आणि १९०८ मध्ये गुजरातीत त्याचा सारांश देताना त्याला ‘सर्वोदय’ म्हटले.

आपल्याकडे या राज्याची आणि बळीच्या राज्याची गाठ प्रथम घातली ती जोतीराव फुल्यांनी. १८७३ सालच्या ‘गुलामगिरी’त त्यांनी बळीला शेतकऱ्यांचा न्यायी राजा मानले, आणि दीनदुबळ्यांचा कैवार घेणाऱ्या येशूला त्याच बळीच्या मालिकेत बसविले. इतिहास म्हणून हे कुणाला पटो वा न पटो. काव्यदृष्टी म्हणून ते अचूक आहे. दोघेही राजे उच्चवर्णीयांच्या दरबारी मारले गेलेले किंवा गाडले गेलेले, आणि दोघांच्याही परत येण्याची वाट गरीब माणूस पाहतो आहे.

नारायण वामन टिळक ख्रिस्ताकडे गेले ते वेगळ्या वाटेने. १८९३ साली रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाने ते भारले गेले आणि १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकोबाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते स्वतःच म्हणत. पुढे १९१७ साली मिशनची चाकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांनाही त्यात जागा होती.

कल्पना मोठी उदार. पण मला हा शब्द खटकतो. आम्ही निजामी मुलखातली माणसे. १९४८ पर्यंत ज्यांनी ‘राज्य’ पाहिले, त्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी दरबार म्हणजे वेठ, सारा आणि जोडे बाहेर काढून उभे राहणे. ज्या राज्याला मोहरीच्या दाण्याची उपमा शोभली, त्याला दरबाराचे नाव देताना टिळकांतला कवी क्षणभर डुलकी घेत होता, असे मला वाटते. दोनच वर्षांनी, १९१९ च्या मे महिन्यात, टिळक गेले. त्यांच्यामागे दरबार काही टिकाव धरू शकला नाही.

राज्य मात्र टिकले, आणि ते स्वयंपाकघरात टिकले. ‘स्मृतिचित्रे’ मी या दृष्टीने वाचतो. लक्ष्मीबाईंच्या माहेरी वडिलांना सोवळ्याचे वेड; बाजारातून आलेल्या जिनसाही धुतल्याशिवाय घरात यावयाच्या नाहीत. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा ही बाई कोसळली. पुढे त्याच्याजवळ राहावयास आली, पण पाणी वेगळे, चूल वेगळी. मग हळूहळू, कुणाच्या प्रवचनाने नव्हे, स्वतःच्या विचाराने, तिने शिवाशीव टाकली; १९०० साली ती ख्रिस्ती झाली. हीच बाई पुढे नगरला प्लेगच्या रोग्यांच्या उशाशी बसली. टिळक घरातले होते-नव्हते ते दुसऱ्यास देऊन टाकीत आणि कुणालाही जेवावयास आणीत. ते अन्न शिजवावयाचे काम हिचे. टिळकांनी राज्याची द्वाही फिरविली, बाईंनी त्या राज्याच्या चुलीत लाकडे घातली.

आणि हे सारे तिने हसत सांगितले आहे. या पुस्तकातला विनोद मला त्याच्या सर्व गुणांहून मोठा वाटतो. तो दुःख झाकीत नाही, आणि कुणाचा सूडही घेत नाही. ज्या नवऱ्याने तिला न सांगता तिचे जग उलथून टाकले, त्याच्यावर ती हसते आणि त्याच वाक्यात त्याला क्षमा करते. जखम भरणे म्हणतात ते हेच असावे.

कोणी म्हणेल, येणाऱ्या राज्याची आशा ही गरिबाला निजविणारी अफूच नव्हे काय? हा आक्षेप मी त्या ओट्यावर बसून स्वतःच घेतला होता. जी आशा केवळ वाट पाहावयास सांगते, तिच्याविषयी तो खराच आहे. कोयत्याचा हिशेब वर आकाशात कधीतरी फिटेल, असे सांगणाऱ्याच्या तोंडाला मीही लागणार नाही. पण ज्या गोष्टीत धनी त्याच संध्याकाळी, त्याच चौकातल्या माणसाला पुरी मजुरी देतो, ती गोष्ट ऐकून निजावे कसे?

टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ अर्धवट सोडले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी नवऱ्यामागे ते हाती घेतले आणि ६४ अध्याय लिहिले. १९३६ साली त्या गेल्या. ग्रंथ १९३८ मध्ये निघाला. काव्य म्हणून त्यातले सर्वच अध्याय सारख्या उंचीचे नाहीत, हे मान्य केले पाहिजे. पण गेलेल्या माणसाचे अपुरे काम रोज थोडे थोडे पुढे नेणे, याहून शोकावरचे दुसरे औषध मला तरी ठाऊक नाही.

माझ्या पत्नीने दर दिवाळीला फडावर निघालेल्या एका शेजारणीच्या पोरांसाठी फराळाचा डबा बांधून देण्याचा रिवाज ठेवला होता. त्या वर्षी तो चुकला. गेल्या वर्षी सुनेच्या मदतीने मी स्वतः चकल्या पाडल्या. त्या वाकड्या झाल्या, काही करपल्या. शेजारणीने डबा हाती घेतला, झाकण उघडून पाहिले आणि ती खळखळून हसली. मग ट्रॉलीत चढता चढता म्हणाली, “बळीचं राज्य येवो, गुरुजी.”

या खेपेस मला राग आला नाही.