उन्हाळ्यातले वाचन आणि मला न सुचलेला प्रश्न

परीक्षेच्या उत्तरपत्रिका हातावेगळ्या केल्या आणि यंदाच्या उन्हाळ्यात ठरवून वाचायला बसलो. ठरवून म्हणण्याचे कारण असे की, मराठी शिकवणाऱ्या प्राध्यापकाचे वाचन बहुधा अभ्यासक्रमापुरते उरते, आणि दलित साहित्यावर जागोजाग बोलणारा माझ्यासारखा माणूस तर दहा-पंधरा वर्षांपूर्वी वाचलेल्या पुस्तकांच्या आठवणीवरच भाषणे रेटत असतो. म्हणून जुनी पुस्तके पुन्हा काढली. ज्यांची नावे तेवढी घेत होतो, तीही काढली.

अपेक्षाभंगाचे आधी सांगून टाकतो. तो ‘फकिरा’ने केला. हे लिहिताना हात अडखळतो, कारण वसतिगृहात असताना ही कादंबरी मी एका रात्रीत वाचली होती आणि पुढे कितीतरी दिवस ताठ मानेने चाललो होतो. अण्णा भाऊंनी १९५९ साली ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. कपाळावर गुन्हेगारीचा शिक्का मारलेल्या जमातीची हजेरी, दुष्काळ, धान्याची लूट हा भाग आजही अंगावर येतो. पण त्या गावातले शंकरराव पाटील आणि विष्णुपंत कुलकर्णी पाहा. गावगाड्याचे वरचे टोक इथे मांगवाड्याच्या पाठीशी उभे आहे. शत्रू कोण, तर इंग्रज सरकार आणि शेजारचे गाव. असा कुलकर्णी नसतोच असे मी म्हणत नाही. परंतु त्याच्या मोठेपणाच्या सावलीत गावाच्या रचनेला विचारायचा प्रश्न राहून जातो. लोकनायकाची गाथा म्हणून कादंबरीचे मोल यामुळे घटत नाही. घटला तो माझा त्या वयातला भक्तिभाव.

‘बलुतं’ (१९७८) मात्र तसूभरही हलले नाही. दगडू मारुती पवार आणि दया पवार यांना समोरासमोर बसवण्याची ती योजना, कावाखान्यातले ते जिणे, आणि लेखकाचे स्वतःला न सोडणे! एवढेच की, संशयापोटी मोडलेल्या पहिल्या संसाराची पाने मी पूर्वी भराभर उलटली होती, ती या वेळी उलटवेनात.

कुमुद पावडे यांच्या ‘अंतःस्फोट’विषयी (१९८१) स्वतंत्र लिहावे लागेल. संस्कृतात एम. ए. झालेल्या सोमकुवर आडनावाच्या बाईला जी नोकरी मिळत नाही, ती लग्नानंतर पावडे झालेल्या बाईला मिळते. आडनावाने दिलेली ती नोकरी त्यांना खुपते. गुणवत्तेचा जप करणाऱ्यांना मी आता हेच पुस्तक हाती देणार आहे.

परंतु माझा उन्हाळा व्यापला तो बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ने. हे लेखन १९८२ साली ‘स्त्री’ मासिकातून आले, १९८६ साली पुस्तक झाले. फलटणला किराणा दुकान चालवणाऱ्या या बाईने ते वर्षानुवर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते. मॅक्सीन बर्नसन यांच्या आग्रहाने ते बाहेर आले.

आमच्या चर्चासत्रांतून स्त्रियांच्या स्वकथनांना काय जागा असते, हे मला ठाऊक आहे. मीही ती तेवढीच दिली. पुरुषाचे आत्मकथन म्हणजे समाजाचे, स्त्रीचे म्हणजे घरातले, अशी आमची अलिखित वाटणी. ‘जिणं आमुचं’ ती पहिल्याच प्रकरणांत मोडते. पुस्तकाच्या नावातच ‘आमुचं’ आहे. आषाढातले सण, पोतराज, मेलेल्या जनावराची वाटणी, बाबासाहेबांचे भाषण ऐकून पेटलेली वस्ती. आणि त्याच वस्तीत सासुरवासात पिचणाऱ्या कोवळ्या पोरी, पळून गेल्या तर नाक कापले जाणाऱ्या सुना. सवर्णांच्या दाराशी कडाडणारा तो आवाज आपल्या उंबऱ्याशी आल्यावरही खाली येत नाही. जातीने आम्हांला तुडवले, आम्ही सुनांना तुडवले, हे सांगताना बाई समाजाची ढाल करून त्याआड उभ्या राहत नाहीत.

माझ्या आईला अक्षरओळख नाही. संध्याकाळी ओट्यावर मी तिला हे पुस्तक मोठ्याने वाचून दाखवू लागलो. नाक कापलेल्या सुनेचे वाचले तेव्हा ती नुसती मान हलवत राहिली. पुस्तक संपत आले तेव्हा म्हणाली, “समदं खरं हाय बाबा. पर तिचा दादला कुठं हाय ह्यात? त्यो काय करत व्हता?”

मी एम. ए. आहे, या विषयावर निबंध वाचतो. हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता.

मग शोधाशोध केली. माया पंडित यांच्या इंग्रजी अनुवादाला (२००८) बेबीताईंची मुलाखत जोडलेली आहे. संशयापोटी आपणही नवऱ्याचा मार खाल्ला, हे त्या तिथे सांगतात. पुस्तकात का नाही, तर सगळ्याच बायकांचे भोग तेच होते, आपले वेगळे काय सांगायचे, असा त्यांचा भाव दिसतो. हे वाचून मी गप्प झालो. समीक्षक म्हणून मला म्हणता येते की ‘आम्ही’ या शब्दाची किंमत तिथल्या ‘मी’ने चुकवली आहे. पण मग वाटते, ही किंमत मागणारे कोण? चळवळीला गालबोट लागेल म्हणून घरातले घरात ठेवा, हे आपणच सांगत आलो ना? मुलाखतीपर्यंत थांबावे लागले यात बाईंचा दोष किती आणि ऐकणाऱ्यांचा किती?

ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) तो ‘मी’ मोकळेपणी बोलतो. नवऱ्याची कुरबूर, लग्नानंतरचे शिक्षण, कार्यकर्तीच्या घरातले ताण, सारे नावानिशी येते. त्याआधी त्यांनी मीनाक्षी मून यांच्यासह ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) सिद्ध केले होते. आधी ‘आम्ही’ उभा करून त्या ‘मी’कडे आल्या, असे मला वाटते. ‘आयदान’मधली मुंबईची काही पाने सैल आहेत, हेही नोंदवतो. पण कोकणात आयदाने विणीत बसलेली ती आई विसरता येत नाही.

आमच्या विभागात या दोन्ही पुस्तकांची सोय ‘स्त्री साहित्य’ या पत्रिकेत केलेली आहे. दलित आत्मकथनांच्या पत्रिकेत ‘बलुतं’ एकटेच. जूनमध्ये अभ्यासमंडळाची बैठक आहे. ‘जिणं आमुचं’ त्याच्या शेजारी लावावे, असा अर्ज मी लिहून ठेवला आहे. वर्गात वाचताना सुरुवात आईच्या प्रश्नापासून करीन. घरी ‘आयदान’ अर्धे झाले आहे. आता आईबरोबर बायकोही ओट्यावर येऊन बसते, आणि मी एखादा परिच्छेद गाळला की ती मला मागे जायला लावते.