सिंक अ‍ॅपची हरवलेली वही

लॅपटॉपवरचं क्लाउडचं अ‍ॅप अडकलं म्हणून काढून पुन्हा टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी सगळंच डबल: ‘थीसिस’ आणि ‘थीसिस (१)’, ‘व्हिसा’ आणि ‘व्हिसा (१)’. खरं कुठलं? कंपन्यांच्या हेल्प पानांवर काय क्लिक करायचं ते मिळतं. असं का होतं, ते क्वचितच. माझी टीका तिथेच आहे.

‘सिंक’ म्हटलं की वाटतं, अ‍ॅप लॅपटॉप बघतं, क्लाउड बघतं आणि दोन्ही सारखे करतं. पण त्याला तिसरी गोष्टही लागते: मागच्या वेळी दोन्ही बाजू जुळल्या, तेव्हा कुठे काय होतं याची नोंद. समजा, एक फाइल क्लाउडवर आहे, लॅपटॉपवर नाही. तुम्ही ती इथून डिलीट केलीत, की ती दुसऱ्या मशीनवरून नव्याने आली? नुसत्या दोन बाजू कितीही वेळा बघा, उत्तर मिळणार नाही. ते त्या नोंदीतच असतं. वाण्याच्या उधारीच्या वहीसारखंच हे. वही हरवली, की वाणी आणि गिऱ्हाईक दोघंही प्रामाणिक असले तरी हिशेब लागत नाही. अ‍ॅप काढून टाकताना बऱ्याचदा ही वहीच जाते.

संशोधनात हे जुनंच आहे. एस. बालसुब्रमण्यम आणि बेंजामिन पिअर्स यांनी १९९८ मध्येच एका पेपरात विचारलं होतं, की फाइल सिंक्रोनायझर म्हणजे नेमकं काय. पिअर्स यांचा ‘युनिसन’ हा प्रोग्रॅम दिसायला रुक्ष आहे, पण वही सापडली नाही तर तो तसं सांगतो. दोन्हीकडे सारख्या असलेल्या फायली जुळल्या असं धरतो आणि उरलेल्यांबद्दल तुम्हाला विचारतो.

रोजच्या वापरातली अ‍ॅप्स विचारण्यापेक्षा नावं बदलतात. वनड्राइव्ह फाइलच्या नावाला कम्प्युटरचं नाव चिकटवतं. ड्रॉपबॉक्स निदान कारण तरी लिहितं: ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’, ‘सिलेक्टिव्ह सिंक कॉन्फ्लिक्ट’. गूगल ड्राइव्ह फाइल ओळखतं ती आतल्या आयडीवरून, त्यामुळे तिथे एकाच नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी सुखाने नांदतात.

ड्रॉपबॉक्सचं आणखी एक लेबल आहे, ‘युनिकोड एन्कोडिंग कॉन्फ्लिक्ट’, आणि ते खास आपल्या कामाचं आहे. तुमच्या फोल्डरचं नाव ‘वऱ्हाड’ आहे असं धरा. त्यातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा ‘र’ अधिक नुक्ता म्हणून. मॅकची जुनी फाइल सिस्टिम नावं सुटी करून ठेवायची, बाकीच्या तसं करत नाहीत. डोळ्यांना एकच दिसणारं ‘वऱ्हाड’ म्हणून अ‍ॅपच्या लेखी दोन नावं ठरू शकतात. इंग्रजी नावं ठेवणाऱ्याला हा प्रश्न सहसा पडतच नाही.

आता अ‍ॅपची बाजूही घेतो. नोंद नसताना दोन्ही प्रती ठेवणं बरोबरच आहे. अंदाजाने एक उडवली असती, तर कदाचित नेमका तुमचा शेवटचा चॅप्टर गेला असता. दोष डबल करण्यात नाही, गप्प राहण्यात आहे. ‘माझ्याकडे जुनी नोंद नाही, इतक्या फायली सारख्या आहेत, इतक्या वेगळ्या, काय करू?’ एवढं एका खिडकीत विचारता येतं. पण सगळं आपोआप होतं असं दाखवायच्या हौसेत हा प्रश्न गाळला जातो, आणि निवड करायचं काम शेवटी तुमच्यावरच येतं, तेही कुठलीच माहिती न देता.

तोवर काय करायचं? आधी सिंक थांबवा. दोन्ही फोल्डर एक्स्टर्नल ड्राइव्हवर घ्या, पण कॉपी करून, हलवून नाही. हलवलेलं अ‍ॅप डिलीट समजू शकतं. ज्या फायली फक्त क्लाउडवर आहेत त्या वेबवरून उतरवून घ्या. तुलना करताना तारखेवर विसंबू नका, डाउनलोडमध्ये ती बदललेली असू शकते. आतला मजकूर किंवा हॅश बघा. खात्री झाल्यावरच एक प्रत काढा. बहुतेक सेवांच्या कचरापेटीत फाइल साधारण ३० दिवस राहते, पण त्या भरवशावर राहू नका.

आणि सिंकला बॅकअप समजू नका. तुम्ही चुकून केलेलं डिलीटसुद्धा ते इमानेइतबारे सगळीकडे पोचवतं.