घरकुल आणि काचेचे घर

मुंबई-पुण्यातल्या फर्निचरच्या दुकानांत अलीकडे 'मिड-सेंच्युरी मॉडर्न' हे शब्द वारंवार कानावर पडतात. तिरक्या, निमुळत्या पायांचा सोफा, सागवानी कपाट, वेताच्या पाठीची खुर्ची, बुटके टेबल असा तो सरंजाम असतो. त्याच्यामागचे घरही आता चित्रांतून आपल्या ओळखीचे झाले आहे. सपाट लांबट छप्पर, जमिनीपासून छतापर्यंत काच आणि काचेपलीकडे झाडे. विसाव्या शतकाच्या मध्यावर जन्मलेल्या या घराचे आकर्षण कशात आहे, आणि त्याने जगाला दिलेली वचने कोणाच्या वाट्याला आली, याचा शोध या लेखात घ्यायचा आहे. त्यासाठी मी जागा निवडली आहे ती गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातली, सूरजागडची. ही निवड वाचकांना विचित्र वाटेल, म्हणून आधी तिचे कारण सांगतो.

मी वास्तुविशारद नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांतून हिंडताना घरे पाहत गेलो आणि मग त्यांच्याविषयी वाचत गेलो, एवढाच माझा अभ्यास. काही वर्षांपूर्वी जानेवारीत, ठाकूरदेवाच्या जत्रेच्या सुमारास, सूरजागडच्या पायथ्याकडच्या एका माडिया कुटुंबाच्या अंगणात बसलो होतो. अंगणात दोन घरे होती. एक जुने, कुडाच्या भिंतींचे, मातीने लिंपलेले, खाली उतरत आलेल्या कवेलूच्या छपराचे. दुसरे सरकारी योजनेतून बांधलेले घरकुल, विटा-सिमेंटचे आणि वर स्लॅब असलेले. घरकुलात धानाची पोती, एक सायकल आणि बाज होती. माणसे, चूल आणि गप्पा जुन्या घराच्या ओसरीवर होत्या. पुढे मे महिन्यात पुन्हा गेलो, तेव्हाही तेच दृश्य. त्या दिवसांत या भागात पारा ४५च्या वर जातो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर आत उष्णता सोडतो, त्यामुळे तिथे झोप लागत नाही, असे घरमालकाने सांगितले. तरीही घरकुल मिळाल्याचा त्याला अभिमान होता. दार-खिडक्यांना त्याने निळा रंग दिला होता. या अभिमानाकडे पुढे परत यायचे आहे.

आता त्या काचेच्या घराकडे वळू. 'मिड-सेंच्युरी मॉडर्न' हे नाव रूढ झाले ते कारा ग्रीनबर्ग यांच्या १९८४च्या पुस्तकामुळे. म्हणजे नाव मिळेपर्यंत त्या वस्तू जुन्या बाजारात पोहोचल्या होत्या. मूळ चळवळीला असल्या नावाची गरज नव्हती, कारण तिच्यापुढे एक व्यावहारिक प्रश्न होता. दुसऱ्या महायुद्धानंतर लक्षावधी कुटुंबांना घरे हवी होती. ती लवकर, स्वस्तात आणि तरीही माणसाला जगावेसे वाटेल अशी कशी बांधायची? 'आर्ट्स अँड आर्किटेक्चर' या मासिकाचे संपादक जॉन एन्टेन्झा यांनी १९४५मध्ये लॉस एंजेलिस परिसरात नमुना-घरांचा उपक्रम सुरू केला. चार्ल्स आणि रे ईम्स यांचे १९४९चे घर त्यातलेच. कारखान्यात तयार मिळणारे पोलादी खांब, तयार खिडक्या आणि तयार पत्रे जोडून ते उभे राहिले. सामान्य माणसाला परवडेल असे घर कारखान्याच्या मालातून उभे करता येते, हे त्यातून सिद्ध करायचे होते.

या घरांनी एकाच वेळी दोन वचने दिली. पहिले, घर सर्वांना परवडेल. दुसरे, घर निसर्गाला पाठ दाखवणार नाही. आत आणि बाहेर यांच्यातली भिंत पातळ होईल. आज आपल्याला भुरळ घालते ते दुसरे वचन, आणि तेही बहुधा छायाचित्रातून. ज्युलियस शुलमन यांनी १९६०मध्ये टिपलेले पिअर कोनिग यांच्या घराचे छायाचित्र जगभर गेले. दरीवर झेपावलेली काचेची खोली, आत बसलेल्या दोन स्त्रिया आणि खाली शहराचे दिवे. त्यात स्वयंपाकाचा धूर नाही, वाळत घातलेले कपडे नाहीत, म्हातारे माणूस नाही. मीस व्हान डेर रोह यांचे फार्न्सवर्थ हाउस १९५१मध्ये पूर्ण झाले. त्याच्या मालकीणबाईंनी उन्हाळ्यातला उकाडा आणि डासांबद्दल तक्रारी केल्या आणि प्रकरण कोर्टात गेले. छायाचित्रात उकाडा दिसत नाही. या घरांच्या आजच्या लोकप्रियतेचे निम्मे रहस्य मला इथे दिसते.

भारतात हा प्रश्न अधिक कठीण होता, आणि म्हणूनच इथली उत्तरे अनेकदा अधिक शहाणपणाची निघाली. १९५४मध्ये दिल्लीत स्वस्त घरांचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. चंडीगडमध्ये पिअर जान्नरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्र्यू यांनी मंत्र्यापासून शिपायापर्यंत दर्जानिहाय सरकारी घरे आखली. जेन ड्र्यू यांनी आखलेल्या शिपायांच्या घरांतही व्हरांडा आणि अंगण यांना जागा होती. आपल्या कोकणातल्या आचऱ्याचे अच्युत कानविंदे हार्वर्डमध्ये वॉल्टर ग्रोपियस यांच्या हाताखाली शिकून आले आणि त्यांनी आधुनिक इमारतींना इथल्या उन्हापावसाचा विचार करायला लावला. मुंबईत काम करणाऱ्या चार्ल्स कोरिया यांनी साठच्या दशकाच्या आरंभी अहमदाबादेत 'ट्यूब हाउस' बांधले. गुजरातच्या गृहनिर्माण मंडळाच्या स्पर्धेतून निवडले गेलेले, कमी उत्पन्नाच्या कुटुंबासाठी आखलेले ते अरुंद, लांब घर. तापलेली हवा उतरत्या छताच्या आतून वर सरकते, माथ्याच्या फटीतून बाहेर पडते आणि खालून ताजी हवा आत ओढली जाते. पंखा नाही, यंत्र नाही. छताच्या उतारानेच सारे काम होते. मला विचाराल तर काचेच्या साऱ्या घरांपेक्षा हे घर मोठे, कारण दोन्ही वचने त्याने एकाच छपराखाली पाळली. ते आज उभे नाही.

महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गानेही या विचाराचा एक सौम्य अवतार अनुभवला आहे. पन्नास-साठच्या दशकांतले पुण्यातले बंगले आठवा. शहाबादी किंवा मोझॅकची फरशी, खिडक्यांवर रुंद छज्जे, जिन्याला सिमेंटची जाळी, पुढे व्हरांडा. पुनर्विकासात ते एकेक करून पडत आहेत आणि त्यांच्या जागी उठलेल्या इमारतींच्या सदनिकांत आपण 'मिड-सेंच्युरी' सोफा विकत आणून ठेवतो आहोत.

आता पुन्हा सूरजागड. माडियांचे जुने घर पाहिले की आधुनिक घराच्या दुसऱ्या वचनाची यादीच समोर येते. छप्पर खाली उतरलेले, म्हणून भिंतीवर ऊन नाही. कुडाची भिंत श्वास घेते. ओसरी आणि मांडव धरून निम्मे घर उघड्यावरच. साहित्य हाताशी मिळणारे आणि जसे आहे तसे दिसणारे. पण इथे थांबून भाबडे कौतुक करणे मला मान्य नाही. गवताचे छप्पर वारंवार नवे करावे लागते. पावसाळ्यात ते गळते, त्यात साप निघतो, आगीची भीती असते. शिवाय याच वस्तीच्या कडेला कुर्माघर असते. पाळीच्या दिवसांत बायकांनी वेगळे राहायची ती झोपडी बहुधा सगळ्यांत मोडकी असते. निसर्गाशी एकरूप असलेल्या घरात कोणाला किती जागा आहे, हा प्रश्न त्या झोपडीपुढे उभे राहिल्याशिवाय पडत नाही. निळ्या रंगाच्या दाराचा अभिमान इथून समजून घ्यावा लागतो. दरवर्षी शाकारावे न लागणारे घर हा त्या माणसाचा हक्क आहे, आणि तो मागण्यात त्याने आपल्या संस्कृतीशी गद्दारी केलेली नाही.

म्हणून माझा आक्षेप सिमेंटला नाही, आखणीला आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात त्यासाठी १ लाख ३० हजार रुपये मिळतात. माडिया गोंड हे आदिम समूहांत मोडत असल्याने त्यांना पीएम-जनमनमधून २ लाखांची तरतूद आहे. घर लाभार्थ्याने स्वतः बांधावे असा नियम आहे, म्हणजे कागदावर स्वातंत्र्यही आहे. राज्याराज्यांच्या हवामानानुसार घरांचे नमुने सांगणारा 'पहल' हा संग्रहही केंद्राने काढला. तरी गावोगाव उभा राहतो तो चार भिंतींचा, बसक्या सपाट छताचा, बिनओसरीचा डबा. जंगलाच्या आत सिमेंट-सळई पोहोचवायचाच खर्च एवढा होतो की छज्जा, ओसरी आणि माथ्याची फट या गोष्टी पहिल्यांदा गळतात. हप्ता मिळतो तो जोते, भिंती, छप्पर अशा टप्प्यांवर. सावली हा त्यातला टप्पा नाही.

हा डबा परका नाही. शतकाच्या मध्यावर जगभर निघालेल्या स्वस्त, प्रमाणित घराचाच तो वंशज आहे. फक्त वाटणी झाली आहे. आधुनिक घराचे पहिले वचन, म्हणजे सर्वांसाठी किमान घर, काटछाट होऊन सूरजागडला पोहोचले. दुसरे वचन, म्हणजे सावली, वारा आणि मोकळीक, लिलावघरात गेले. जान्नरे यांच्या आखणीतून चंडीगडच्या कचेऱ्यांसाठी बनलेल्या सागवान-वेताच्या खुर्च्या भंगारात निघाल्या आणि परदेशी लिलावांत लाखोंना विकल्या जाऊ लागल्या. अखेर २०११मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाला त्यांची विक्री आणि निर्यात रोखावी लागली. लिलावाच्या सूचीत आरेखकाचे नाव असते, लाकडाची जात असते. जंगलाचे नाव नसते.

सागवानाचा प्रदेश म्हणून आलापल्लीची ख्याती आहे. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी २०२३मध्ये लाकूड गेले ते याच पट्ट्यातून, बल्लारशाहमार्गे. सूरजागडचा डोंगर लोहखनिजाचा. त्याचे ट्रक आलापल्लीच्या रस्त्याने जाताना दिसतात. सागवान आणि लोखंड ही या आधुनिक घराची दोन लाडकी द्रव्ये. ती इथून बाहेर जातात, आणि उलट दिशेने सिमेंटची पोती येतात. हा रस्ता मी अनेकदा पाहिला आहे. घराविषयीच्या सौंदर्यचर्चेत तो यायला हवा असे मला वाटते.

उपाय अशक्य कोटीतले नाहीत. उतरते छप्पर, त्याच्या माथ्याशी हवेची फट, पुढे सहा फुटांची ओसरी, स्लॅबऐवजी किंवा स्लॅबवर कवेलू. कोरियांनी साठ वर्षांपूर्वी कमी पैशांत हे करून दाखवले होते आणि माडिया गवंड्याला त्यातले अर्धे आधीच येते. ओसरीचे पैसे अनुदानात वेगळे धरले आणि तिचा स्वतंत्र हप्ता ठेवला, तरी पुष्कळ फरक पडेल. मधल्या शतकाच्या घरावर प्रेम करणाऱ्या वाचकांना माझी विनंती एवढीच आहे की त्या प्रेमाची परीक्षा सोफ्यावर बसून घेऊ नये. मे महिन्यातल्या दुपारी २५ चौरस मीटरच्या त्या खोलीत तासभर बसावे. घरमालक बाज बाहेर ओसरीवर काढून देईलच. आपण तिच्यावर बसतो, तेव्हा आधुनिक घराचे कोणते वचन अजून पुरे व्हायचे आहे, ते वेगळे सांगावे लागत नाही.