चित्रकार्डाची पाठ

आमगावाहून समुद्र फार दूर. तरीही समुद्रकाठच्या उद्यानांची जुनी चित्रकार्डे जमविण्याचा छंद इकडच्या कोणास जडला तर आम्हांस नवल वाटणार नाही. ज्याला समुद्र रोज दिसतो, तो त्याचे चित्र कशाला विकत घेईल? प्रश्न आहे तो या कार्डांत काय पाहावे, हा.

मुंबईच्या मलबार हिलवरील हँगिंग गार्डनची कार्डे घ्या. १८८१ च्या सुमारास पाण्याच्या टाक्यांवर ही बाग झाली. पुढे तिला फिरोजशहा मेहता यांचे नाव मिळाले. कार्डावर आखीव वाटा असतात, ताटवे असतात. खालचे पाणी दिसत नाही, आणि माळीही बहुधा दिसत नाही. पहिल्या महायुद्धापूर्वीची अशी कितीतरी कार्डे जर्मनीत छापली जात. छायाचित्र काळेपांढरे, रंग मागाहून चढविलेले. तेव्हा त्या निळाईवर भाळणे आम्हांस भोळेपणाचे वाटते. ती अरबी समुद्राची नव्हे, छापखान्याची निळाई आहे.

ओमर खान यांचा ‘पेपर ज्युवेल्स’ (२०१८) हा इंग्रजी ग्रंथ या बाबतीत डोळे उघडणारा आहे. त्यात चित्रकार म. वि. धुरंधर (१८६७–१९४४) यांची कार्डेही आहेत. धुरंधरांच्या मुंबईत माणसे आहेत, त्यांचा नखरा आहे, मिस्कीलपणा आहे. त्यांच्याशेजारी ठेवले की उद्यानाची कार्डे कशी ओकीबोकी वाटतात!

परंतु आमचा खरा वाद संग्राहकांशी आहे. कोरे कार्ड उत्तम आणि लिहिलेले ‘डागाळलेले’, असा अनेकांचा दंडक. हा दंडक आम्हांस मान्य नाही. पूर्वी कार्डाची पाठ केवळ पत्त्यासाठी असे. ब्रिटनमध्ये १९०२ साली तिचे दोन भाग करून मजकुरास जागा मिळाली. त्याआधीचा मनुष्य आपली खुशाली चित्राच्या कडेला, आकाशातसुद्धा, दाटीवाटीने लिही. सुंदर देखाव्यावर उमटलेला तो कोणाचा तरी हात आम्हांस देखाव्याहून मोलाचा वाटतो. बोटीवर नोकरीस गेलेल्या मुलाने घरी धाडलेले कार्ड आई प्रार्थनापुस्तकात जपे, ते काय बागेसाठी?

धर्मग्रामातील जुन्या घरांच्या पेट्यांतून अशी कार्डे अजून निघतील. तिकिटासाठी त्यांचा कोपरा फाडू नये. आल्बममध्ये ती खळीने चिकटवू नयेत, कागदी कोपऱ्यांत अडकवावीत. म्हणजे कार्ड काढून पाठ वाचता येते.