‘स्वमग्नता’ : एका संज्ञेचे परीक्षण

लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये वर्णिलेल्या बालावस्थेस मराठीत ‘स्वमग्नता’ ही संज्ञा रूढ झाली. ग्रीक ‘ऑटोस’चा अर्थ तीत उतरला आहे, हे मान्य. आक्षेप आहे तो ‘मग्न’ या पदावर. मग्न मनुष्यास भानावर आणता येते. ही अवस्था तर मेंदूच्या विकासातीलच भेद होय. परंतु मूल कोणीतरी ‘बाहेर काढील’, ही आशा संज्ञाच पालकांच्या मनात पेरते, आणि स्टेम सेल उपचारांच्या जाहिराती तिच्यावरच पोसतात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०१७ मध्ये असे उपचार मान्य चाचणीबाहेर अनैतिक ठरविले. भंडाऱ्याच्या धानउत्पादक आईबापांनी वाचोपचार सोडून त्यांसाठी बांधी विकावी काय? त्यापेक्षा ‘ऑटिझम’ हा परका शब्दच पत्करावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.